चीजकेकात दूध किती?

वाघोलीत केसनंद फाट्याजवळच्या एका किराणा दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये, गोठवलेला मटार आणि पराठ्यांच्या पाकिटांशेजारी, हल्ली ‘कोरियन स्टाइल चीजकेक’ दिसतो. तळहातावर मावेल असा डबा, पारदर्शक झाकण, भोवती फिकट गुलाबी पट्टा. खराडीच्या कंपन्यांतून परतणारी मुलंमुली आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलातले विद्यार्थी तो हमखास उचलतात. मीही आणला. नेमके तेव्हा शिरूरहून माझे चुलते मुक्कामाला आले होते. काकांची उभी नोकरी दुधात गेली. आधी गावच्या संकलन केंद्रावर, नंतर शीतकरण केंद्रावर. गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी हरिपाठ. डबा टेबलावर ठेवल्यापासून आमचं जे बोलणं झालं ते पुढे देते आहे. वादात मी चीजकेकच्या बाजूने होते आणि अजूनही आहे. पण काकांचं म्हणणं पुरतं ऐकावं असं आहे, म्हणून त्यांना मी कुठेही अर्ध्यावर तोडलेलं नाही.

काका: चमचा राहू दे. आधी डबा दे इकडं.

मी: चमचा लगेच लागणारही नाही, काका. गोठवलेला आहे. काही तास फ्रिजमध्ये ठेवून मग खा, असं लिहिलंय.

काका: बरंच झालं. वाचायला वेळ मिळाला. डेअरीवर कॅन आला की आम्ही लगेच तोंडाला लावत नव्हतो. झाकण उघडलं की पहिला वास. मग दूध ढवळून सॅम्पल, लॅक्टोमीटर, मग फॅट. हिरवी खूण आहे का?

मी: आहे. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. अंडं असतं तर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असता. लेबलच्या नियमात अंडं मांसाहारातच धरतात.

काका: म्हणजे मला चालेल. आता सांग, कोरियात हा केक बिनअंड्याचा करतात?

मी: नाही. तिकडचा मऊ चीजकेक अंड्याच्याच जोरावर उभा असतो. पांढरं फेटून फेस काढायचा, तो चीजच्या मिश्रणात हलक्या हाताने मिसळायचा आणि भांडं गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून मंद आचेवर भाजायचं. शिजलेलं अंडं हवा धरून ठेवतं, म्हणून केक फुललेला आणि आतून ओलसर राहतो. ही रीत मूळची जपानची, कोरियाने ती तिथून उचलली.

काका: आणि या डब्यात धरून कोण ठेवतंय?

मी: मक्याचा स्टार्च. शिवाय स्टॅबिलायझर, ४०७ आणि ४१०. ४०७ म्हणजे कॅराजीनन, समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. ४१० हा कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांचा डिंक.

काका: म्हणजे ज्याच्यावर तो केक उभा असतो तेच काढलं, तेव्हा कुठे तो माझ्या ताटापर्यंत आला.

मी: त्यात वाईट काय आहे? चोको पाय घ्या. कोरियात ओरायन कंपनीने ते १९७४ मध्ये आणलं. मधल्या थरातला मार्शमॅलो एरवी जिलेटिनवर होतो, आणि जिलेटिन म्हणजे जनावराची हाडं नि कातडी. लोटे ही दुसरी कोरियन कंपनी, तिने भारतासाठी ते पूर्ण शाकाहारी केलं. आज खेड्यातल्या टपरीवरही चोको पाय मिळतं, माळकरी घरातली पोरंसुद्धा खातात. खाणाऱ्याच्या घरचा नियम पाळून पदार्थ आला, तर मला तो आदरच वाटतो.

काका: आदर आहे, कबूल. मग ‘कोरियन’ कशाला लिहायचं?

मी: ‘स्टाइल’ लिहिलंय ना. मागे कारखान्याचा पत्ता भारतातलाच आहे. बाहेरून आणलेला असता तर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागला असता.

काका: तेच विचारतोय. अंडं गेलं, कारखाना इथला, रीत जपानी. कोरियाचं उरलं काय?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. कोरियाची म्हणून चीजकेकची एकच एक कृती नाही. सोलच्या कॅफेंमध्ये मधल्या काळात जो वरून गडद भाजलेला चीजकेक गाजला तो स्पेनच्या सान सेबास्तियान गावातल्या ‘ला विन्या’ या हॉटेलचा. अमेरिकन पद्धतीचा दाट केकही तिथे मिळतो. कोरियन बेकरीवाल्यांनी या सगळ्याला आपलं वळण दिलं: गोडी कमी केली, तुकडा लहान केला, कुठे रताळ्याचा गर घातला, कुठे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ वर भुरभुरलं. गोड पदार्थ फार गोड नाही, ही तिथल्या गिऱ्हाइकाची मोठी पसंती असते.

काका: रताळ्याचा केक?

मी: हो, तिथे तो फार आवडीचा. आपण एकादशीला कीस करतो, घाऱ्या करतो, तेच रताळं.

काका: हे मात्र मला खावंसं वाटेल. ते नाही आणलंस.

मी: वाघोलीत अजून नाही आलं.

काका: येईल. या रस्त्यावरून कोरिया कधीचा येतोय. हा तुझा फ्रिज कुठला?

मी: एलजीचा.

काका: मागची पट्टी वाच, रांजणगावचा पत्ता असेल. आमच्या पट्ट्यातली कितीतरी पोरं तिथल्या एमआयडीसीत लागली. नगर रस्त्याला शिफ्टच्या बसगाड्यांची रांग लागते. आधी कोरियाचा फ्रिज आला, आता फ्रिजमध्ये ठेवायचा केक. फ्रिजबद्दल माझी काही तक्रार नाही. पत्रा किती, कॉम्प्रेसर कुठला, सगळं कागदावर असतं. केकचा कागद वाच आता. पहिलं काय लिहिलंय?

मी: साखर.

काका: दुसरं?

मी: खाद्य वनस्पती तेल, पाम.

काका: तिसरं?

मी: क्रीम चीज.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणजे डब्यात तेल जास्त, चीज कमी. ज्या घटकाचं नाव घेऊन पदार्थ विकायचा त्याचं प्रमाणही द्यावं लागतं, म्हणून क्रीम चीजपुढे कंसात टक्का होता. पाचवा हिस्सासुद्धा भरत नव्हता.

काका: आता हिशेब कर. क्रीम चीजमध्ये फॅट किती?

मी: अमेरिकेच्या नियमात किमान ३३ टक्के दुधाचं फॅट लागतं.

काका: तेच धरू. किलोभर क्रीम चीजला ३३० ग्रॅम फॅट. आमच्याकडं गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागावर, ठरतो. म्हणजे नुसत्या फॅटसाठी साडेनऊ लिटरच्या आसपास दूध गेलं. सहा फॅटचं म्हशीचं असेल तर साडेपाच लिटर. लोकांना खऱ्या चीजकेकचं वेड लागलं असतं तर एका किलो क्रीम चीजमागं माझ्या गावच्या एका गाईचं सकाळचं दूध खपलं असतं. आता ते पैसे कुठं चाललेत? पामतेलाला. ते येतं इंडोनेशियातून, मलेशियातून. २०२४ मध्ये दुधाचा दर इतका पडला की गाईच्या दुधाला सरकारला लिटरमागं ५ रुपये, पुढं ७ रुपये अनुदान द्यावं लागलं. रस्त्यावर दूध ओतलेलं मी पाहिलंय, आणि ओतणाऱ्या माणसाचं तोंडही पाहिलंय. आणि तू मला दुधाच्या नावाचं तेल खायला बोलावतेस.

मी: तुमचा राग मला पटतो, काका. पण आपल्या बेकऱ्यांत इतकी वर्षं काय चाललंय? खारी डालड्यावर, नानकटाई डालड्यावर. तुम्ही चहात बुडवून आवडीने खाता.

काका: खातो. पण नानकटाई दूध म्हणून विकायला कुणी बसलं नाही. डालडा आहे हे आजीलाही ठाऊक होतं.

याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. पण सगळा दोष त्या एका डब्यावर टाकणंही मला मान्य नव्हतं.

मी: मग श्रीखंडाचं बोला. चक्का दुधाचा, अगदी खरा. पण बाजारच्या श्रीखंडात पाणी सोडून जे उरतं, त्यात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर कायद्याला चालते. आपण त्याला दुधाचा पदार्थ म्हणतो की साखरेचा?

काका: दुधाचा. कारण त्यात जे फॅट आहे ते दुधाचंच आहे. साखर किती घालायची हा जिभेचा प्रश्न. फॅट कुणाचं, हा इमानाचा.

मी: आणि माझी जीभ? ती मोजायची की नाही? काका, वाघोलीत कोण राहतं ते बघा. बीडहून, लातूरहून, नांदेडहून, यवतमाळहून आलेली मुलं. एका खोलीत तिघं. नोकरी खराडीत, झोप इथे, पाणी टँकरचं. जून २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं, पण ज्याला ‘शहर’ म्हणतात ते अजून नगर रस्त्याच्या ट्रॅफिकपलीकडे आहे. कोरेगाव पार्कच्या कॅफेत एका तुकड्याचे जे पैसे पडतात त्यात इथे आठवड्याची भाजी येते. तिथे आत जायलाही बिचकणारी मुलं आहेत. मालिकांमध्ये कोरियन मुलगी कॅफेत बसून हा केक खाते आणि तिच्या आयुष्यात काहीतरी चांगलं घडतं, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. मग रविवारी किराणा घ्यायला गेल्यावर तोच पदार्थ मटाराशेजारी दिसतो, परवडेल अशा किमतीत. तो उचलताना त्यांना जो आनंद होतो, त्याला मी खोटा म्हणणार नाही. दूरची चव चाखायची इच्छा ही काही चैन नव्हे. मला लहानपणापासून ती भूक आहे, आणि अशी भूक असणं मला चांगलंच वाटतं.

काका थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विषय बदलल्यासारखं केलं, पण बदलला नाही.

काका: कोरिया म्हटलं की मला आपल्या कोल्हापूरकडचे थोरातसाहेब आठवतात. माझे वडील सांगायचे. लढाई थांबल्यावर कैदी सांभाळायला आपली फौज गेली होती, तिचे प्रमुख मराठी होते, याचा त्यांना केवढा अभिमान.

मी: जनरल एस. पी. पी. थोरात. १९५३-५४ मध्ये तिथल्या भारतीय कस्टोडियन फोर्सचे प्रमुख. मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर कैद्यांची राखण आपल्या जवानांकडे होती. आणि त्याच सुमाराला अमेरिकन छावण्यांमधून कोरियन माणसाच्या हाताला चीज लागलं. डब्यातलं मांस, सॉसेज, चीजच्या चौकोनी चकत्या, छावणीतून जे बाहेर येईल ते. भुकेल्या लोकांनी ते तिखट आमटीत घालून उकळलं. ‘बुदे जिगे’ म्हणतात, फौजी छावणीचा रस्सा. आजही तो खातात, वरून चीजची चकती घालून. कोरियात पुष्कळांना चीजची ओळख अशी झाली.

काका: मग आमची मिलो तशीच. बहात्तरच्या दुष्काळात रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी यायची. आम्ही खडी फोडायला जायचो तिथं सुकडी वाटायचे. सतरा वर्षांचा होतो मी. ती सुकडी गोड लागायची आणि राग पण यायचा. आम्ही नाही बाबा मिलोचा केक केला. सुटलो तिच्यातून, एवढंच वाटलं.

मी: त्यांनी केला, इतकाच फरक. आणि दुसरी गोष्ट तर तुम्हाला आवडावी अशी आहे. बेल्जियमचे एक कॅथलिक फादर होते, दिदिए त’सेरस्तेवेन्स. कोरियन लोक त्यांना जी जाँग-ह्वान म्हणत. १९५९ मध्ये ते कोरियात गेले आणि १९६४ मध्ये इम्सिल नावाच्या डोंगराळ भागात. तिथल्या शेतकऱ्यांकडे जमीन थोडी, हाताला काम नाही. फादरनी शेळ्या पाळायला लावल्या. दूध झालं, पण ते घेणार कोण?

काका: हीच गोम. दूध निघतं, ठेवायला थंडावा नाही, गिऱ्हाईक नाही. संध्याकाळचं दूध सकाळी नासतं.

मी: म्हणून त्यांनी चीज करायचं ठरवलं. सुरुवातीला बिघडलं. कसब हाती यावं म्हणून ते युरोपात जाऊन शिकून आले. १९६७ मध्ये इम्सिलला चीजचा छोटा कारखाना उभा राहिला. तिथलं चीज सोलच्या हॉटेलांत जाऊ लागलं, पुढे पिझ्झावर आलं. फादरनी तो व्यवसाय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे सोपवला. २०१९ मध्ये ते वारले. आज ‘इम्सिल चीज’ हे नाव कोरियात सगळ्यांना माहीत आहे, तिथे चीजची जत्रा भरते.

काका: शेतकऱ्यांच्या हाती दिला?

मी: हो.

काका: हे तू आधी का नाही सांगितलंस? हा मला कोरियाचा खरा पदार्थ वाटतो. केक नाही, ती संस्था. आपल्याकडं आणंदला तेच झालं. म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही म्हणायचे परदेशातले जाणकार. दलाया म्हणून इंजिनिअर होते, त्यांनी करून दाखवली. १९५५ ला पावडरीचा कारखाना चालू. वारणेला झालं, कात्रजला झालं. आपल्याला दुधातलं येत नाही असं कुणी म्हणू नये. मंचरला पराग डेअरी आहे, गोवर्धनचं तूप तिथलंच, चीज तिथंच होतं, गाईच्या दुधाचं. ते गाव इथून लांब आहे का? याच जिल्ह्यात. म्हणजे दूध इथं, चीज इथं, खाणारी पोरं इथं, आणि डब्यात तेल मलेशियाचं.

आता मुद्दा कुठे होता ते मला नीट दिसायला लागलं. काकांचं भांडण कोरियाशी नव्हतंच. परदेशी पदार्थाची त्यांना अडचण नव्हती, त्यातल्या रताळ्याचं तर कौतुकच होतं. त्यांचं म्हणणं होतं की चव दुरून आणली आणि दुधाच्या माणसाला बाहेर ठेवलं. आणि माझं म्हणणं होतं की चव दुरून आली, तीही आमच्या खिशाला झेपेल अशी, हे आधी बघा.

चीजकेक आता खाण्याजोगा झाला होता. काकांनी झाकण अलगद उचललं आणि उलटं करून उजेडात धरलं. आतल्या बाजूला पाण्याचे बारीक मणी होते आणि कडेला बर्फाचा एक खडबडीत पट्टा अजून चिकटलेला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

काका: एकदा विरघळून परत गोठलाय. दुकानात किंवा गाडीत. वाघोलीत लाइट जाते ना?

मी: जाते.

काका: गोठवलेल्या मालाला उणे १८ च्या खाली ठेवायचं असतं, मध्ये चढ-उतार झाला की पाणी सुटतं आणि मोठे खडे धरतं. आम्ही दूध ४ डिग्रीवर धरायला जिवाचा आटापिटा करायचो. जनरेटर बंद पडला की रात्री दोनला उठून पळायचो. खा, बिघडलेला नाही, वास स्वच्छ आहे. पण कडेला जरा रवाळ लागेल बघ.

तसंच झालं. मधला भाग मात्र छान होता. पृष्ठभाग फिकट पिवळा, मध्यावर किंचित बदामी. चमचा घातला की काही न तुटता आत गेला आणि बाहेर काढल्यावर त्याचा ठसा तसाच राहिला. पहिली चव आंबटाची, मग मीठ, आणि गोडी सगळ्यात शेवटी. गिळल्यावर मात्र टाळूला एक पातळ मेणचट थर राहिला. तो दुधाचा नव्हता. दुधाचं फॅट तोंडाच्या उबेला वितळून जातं, पामतेलाचा घट्ट भाग रेंगाळतो. काकांनी दुसरा चमचा घेतला तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते.

काका: खरवसाच्या कुळातलाच आहे की हा.

मी: आवडला?

काका: आंबट-खारट आहे ते आवडलं. आपल्या गोडात इतकं मीठ कुणी घालत नाही, घालायला पाहिजे. गोड कमी लागतं ते फार बरं. हा पदार्थ ज्यानं पहिल्यांदा केला त्याला दूध कळत होतं. तळाला काय आहे?

मी: बिस्किटाचा चुरा.

काका: तो ओला झालाय. आणि तोंडात ते तेल राहिलंय, तुला कळलं का?

मी: कळलं.

काका: मग तुझ्या त्या हॉस्टेलच्या पोरांना वाटेल की चीजकेक म्हणजे असाच, टाळूला चिकटणारा. खरा त्यांनी खाल्लेलाच नाही. पैसे कमी आहेत म्हणून त्यांना खरी चव द्यायची नाही, हे मला पटत नाही. तू म्हणतेस त्यांच्या आनंदाचा मान ठेवा. मी त्यापेक्षा जास्त मागतोय. त्यांना दूध द्या.

मी: दूध घातलं की किंमत दुप्पट होईल, काका. मग हा डबा वाघोलीच्या फ्रीझरमध्ये येणारच नाही. कोरेगाव पार्कला जाईल. तुमचा शेतकरीही तिथेच राहील आणि ही मुलंही.

काका: आकार अर्धा करा.

मी: काय?

काका: अर्धा करा ना आकार. तूच म्हणालीस कोरियात तुकडा लहान असतो. एवढा डबा कशाला? साखर आणि तेलानं भरायला? चार चमच्यांचा करा, पण दुधाचा करा. किंमत तीच ठेवा. पेढा केवढा असतो? कुणी तक्रार करतं का लहान आहे म्हणून?

हा उपाय मला सुचला नव्हता, आणि तो मला अजूनही पूर्ण पटलेला नाही. चार चमच्यांचा डबा तीन मुलांच्या खोलीत कसा वाटायचा, हे काकांना कोण सांगणार? एकच डबा उघडून तिघांनी चमचे घालण्यात जो उत्सव असतो, तो दुधाच्या टक्क्यात मोजता येत नाही. मी हे त्यांना सांगितलं.

काका: मग तिघांनी वर्गणी काढून दोन घ्यावेत. आम्ही तमाशाला वर्गणी काढायचोच.

मी: पण मी हा पुन्हा घेणार, काका. आहे तसाच. रताळ्याचा आला तर तोही.

काका: घे ना. मी कुठं नको म्हणतोय? पण घेताना दुकानदाराला फ्रीझरचा आकडा विचार, दारावर लिहिलेला असतो. आणि झाकणाला बर्फ दिसला तर खालचा डबा काढायला लाव. डब्यावर कस्टमर केअरचा नंबर आहे?

मी: आहे. फोन करणार?

काका: करणार. तक्रार नाही करत, विचारतोच नुसतं. काय विचारू?

मी: एवढंच विचारा, की जास्त चीजचा लहान डबा का काढत नाही. आणि रताळ्याचा कधी येणार.

काका: आणि तेल किती टक्के आहे ते. चीजचा टक्का छापलाय, तेलाचा नाही छापलेला. नंबर सांग.